लपवलेला झाडू

भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला होता, प्लॅस्टिकचं कव्हर घालून. भांडी घासून पालथी ठेवावीत. चादरी काढून बादलीत टाकाव्यात. कचरा पिशवीत बांधून गेटपाशी ठेवावा. घर झाडून, जसं मिळालं तसं परत करावं. खाली ठळक अक्षरात ‘सकाळी अकरा वाजता घर सोडणे बंधनकारक’. वाचता वाचताच माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, भाडं घेतलंत, भाड्यात सफाईचं वेगळं लावलंत, आणि वर झाडूही आमच्याच हातात देता? मग ते सफाईचं कशाचं घेतलं, कागद चिकटवायचं?

धाकटा भाऊ हसत सुटला. “ताई, आल्या आल्या भांडू नको गं. दोनच दिवस आहेत.”

दोनच दिवस होते, ते खरंच. भाऊ फौजेत आहे. त्याची सुट्टी संपत आली होती आणि पुढची पोस्टिंग वर, बर्फात होती. कुठे, ते तो सांगत नव्हता आणि आम्ही विचारत नव्हतो. जाण्याआधी सगळ्यांनी कुठेतरी निवांत राहावं म्हणून भडगावजवळ गिरणेच्या काठी हे शेतातलं घर भाड्यानं घेतलं होतं. धुळ्याहून तो, त्याची बायको, त्यांची तीन वर्षांची छकुली आणि आमची माय आली. जळगावहून, मेहरूणमधून, मी माझी गाडी घेऊन एकटीच गेले. घरच्यांना सुट्टी नव्हती.

मायचं वय सत्तरीच्या पुढे. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी वाकायचं नाही, खाली बसायचं नाही असं बजावून सांगितलेलं. पण ती आल्यापासून फडकं हातात घेऊन फिरत होती. दुसऱ्याच्या घरातला ओटा पूस, दुसऱ्याच्या घरातली जाळी काढ. मी म्हटलं, “माय, तू पाहुणी आहेस इथे. बस ना जरा!”

“पाहुनी शे म्हनीसन घान तशीच ठेईसन जावानं का?” ती म्हणाली आणि खिडकीचे गज पुसायला लागली.

दुसऱ्या संध्याकाळी भरताचा बेत झाला. थंडीत घरचे सगळे जमले आणि भरीत नाही, असं आमच्याकडे होत नाही. भावानं अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या, वांगी भाजली, आम्ही पडवीत बसून सोलली, कुटली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, भाजलेल्या शेंगा. पोट फुटेस्तोवर जेवलो. आणि घराची जी दशा झाली ती विचारू नका. वाऱ्यानं राख थेट आतल्या खोलीपर्यंत आली, शेंगांची टरफलं छकुलीनं घरभर पेरली, वांग्याची काळी सालं पायाला चिकटून पलंगापर्यंत पोचली.

माय सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, “पोऱ्या निंघाना पहिले बठ्ठं घर झाडी लेसू मी.”

हे ऐकून माझ्या कपाळावर आठी आली. कारण हे नुसतं स्वच्छतेचं नव्हतं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्यामागे झाडू लावायचा नाही, असं पुष्कळ घरांत मानतात. मयत उचलल्यावर घर झाडतात, म्हणून. पण बाकीच्या घरांत तासाभरानं कोणी ते लक्षातही ठेवत नाही. आमचे वडील अपघातात गेले त्यानंतर मायनं हा नियम इतका घट्ट धरला, की आमच्यापैकी कोणी परीक्षेला निघालं तरी ती आधी घर झाडून घ्यायची आणि आम्ही परत येईपर्यंत झाडूला हात लावायची नाही. भाऊ ड्युटीवर निघाला की दुसऱ्या सकाळपर्यंत घरात केर पडून राहायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात मुलांना सांगते, झाडूनं धूळ निघते, माणसं मरत नाहीत. आणि घरी माझी स्वतःची आई गुडघे मोडून पहाटे झाडत बसते, या गोष्टीचा मला भयंकर राग यायचा. त्या संध्याकाळी तो राग माझ्या डोक्यात गेला. म्हटलं, एकदा मोडूच दे हा नियम. भाऊ निघू दे, घरमालकांची कामाची बाई येऊन झाडू दे, तो सुखरूप पोचू दे, म्हणजे मायची भीती कायमची जाईल. भांडी आवरताना कुणाचं लक्ष नाहीसं पाहून दारामागचा झाडू उचलला आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं.

सकाळी फटफटायच्या आत मायची खुडबुड सुरू झाली. दारामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. मी डोळे मिटून पडले होते. ती माझ्या उशाशी आली. “झाडू कोठे शे वं?”

“मला काय ठाऊक? ती बाई घेऊन गेली असेल. झोप ना, माय.”

ती झोपली नाही. ओणवी होऊन हातानं टरफलं वेचायला लागली. दोन-तीन मुठी भरल्या आणि गुडघ्यातून कळ आली तशी पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. भावजयीनं हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. नंतर भावाचं आवरणं, डबा, छकुलीचं रडणं, याच्यात वेळ गेला. साडेनऊला त्याची भाड्याची गाडी आली. बायको आणि मुलगी त्याला जळगाव स्टेशनवर सोडून तिथून पुढे जामनेरला माहेरी जाणार होत्या. रेल्वे एकची होती.

तो मायच्या पाया पडला. मायनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. तिचं लक्ष मात्र त्याच्या खांद्यावरून आत होतं, राखेनं भरलेल्या फरशीवर. गाडी बांधावरून वळली, दिसेनाशी झाली. आता वाटलं, काय हा उद्योग करून बसले मी? प्रयोग करायला सख्खा भाऊच सापडला का मला?

दहा वाजता कामाची बाई आली. शेजारच्याच शेतात राहायची. आत पाऊल टाकताच तिनं कपाळावर हात मारला. “अगं बाई! ताई, बाराला दुसरी पार्टी येतेय.” मग दारामागे हात घातला. “झाडू कुठे गेला? परवा इथेच ठेवला होता मी.”

 मी गाडीची किल्ली घेतली, बाहेर गेले, डिकी उघडली आणि झाडू आणून तिच्या हातात दिला. मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा झाडूकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवरून उठली, खोलीच्या मधोमध आली आणि डॉक्टरांनी बसायचं नाही सांगितलेली माझी आई, हात टेकत टेकत, त्या राखेत आणि टरफलांत मांडी घालून बसली.

“तो एकनी रेल्वेमा बसत नही तवलोंग झाडू लावू नको, माय,” ती त्या बाईला म्हणाली.

बाई झाडू धरून तशीच उभी. “अक्का, एकला गाडी म्हणता तुम्ही. बाराला माणसं येतात. मागच्या खेपेला फरशी चिकट राहिली तर पाहुण्यांनी फोटो टाकले. मालक म्हणाले, परत असं झालं तर दुसरी बाई ठेवतो.”

“तुनं खरं शे. पन झाडू लावू नको.”

“माय, ऊठ!” माझा आवाज चढला. “लोकांसमोर काय हे? तिच्या पोटावर पाय देतेस तू!”

“मी उठनार नही.”

ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती. नुसती बसून राहिली होती. तिचे दोन्ही तळवे राखेत टेकलेले होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. नाशिकला राहणारे घरमालक होते. मी डिकीकडे गेले तेवढ्यात बाईनं त्यांना कळवलं असावं.

“मॅडम, घराची फार वाईट अवस्था आहे म्हणे. नियम वाचले होते ना?”

एरवी मी त्यांची बिनपाण्यानं केली असती. दोन दिवस मनात सगळं घोकून ठेवलं होतं, सफाईचे पैसे आणि झाडूसकट. पण मायचे ते हात पाहिले आणि शब्दच फिरले. “हो, वाचले होते. चूक झाली आमची. आम्हीच सगळं साफ करून देतो. अकराच्या ऐवजी पावणेबाराला निघतो, तेवढं सांभाळून घ्या.”

“पावणेबारा म्हणजे पावणेबारा. पुढच्या पार्टीला मी थांबवू शकत नाही.”

फोन ठेवला आणि त्या बाईच्या हातून झाडू काढून घेऊन बाहेर ओट्यावर ठेवला. म्हटलं, “झाडूशिवाय करायचं. होईल?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. अख्खं घर, तीन खोल्या, पडवी, दीड तास. मग तिनं पदर खोचला. “ओलं फडकं चालतं का अक्कांना?”

“चालस,” माय लगेच म्हणाली. “फडकं चालस.”

मग आम्ही लागलो. टरफलं हातानं वेचली. वर्तमानपत्राच्या पुठ्ठ्यासारख्या जाड घड्या करून त्यांनी राख गोळा केली, उरलेली ओल्या फडक्यानं टिपली. फडकं पिळलं की बादलीतलं पाणी काळंशार व्हायचं, की पुन्हा नवीन बादली. भांडी घासली, पालथी घातली. चादरी काढल्या. माझे गुडघे सोलवटले, नखांत राख गेली. मध्येच मला हसूही आलं. पाहुण्यांनी झाडायचं नाही म्हणून तणतणणारी मी, परक्याच्या फरशीवर रांगत होते. सारखी घड्याळाकडे नजर जात होती. सव्वाअकरा झाले तरी आतली खोली तशीच होती. मायला उचलून पलंगावर बसवायचा प्रयत्न केला तर तिनं माझा हात झिडकारला आणि बसल्या जागी सरकत सरकत आपल्याभोवतीची फरशी पुसायला लागली. माझ्याशी ती अजून एक शब्दही बोलली नव्हती.

आतल्या खोलीत आम्ही तिघीही जमिनीवर होतो. साडेअकरा होत आले होते. बाई पलंगाच्या त्या बाजूला, मी या बाजूला, माय दाराशी. बाईनं फडकं पिळलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “अक्का, रागावू नका. तुमच्या घरी कधी असं झालं होतं का? कोणी झाडलं आणि मग...”

माझा हात जागीच थांबला.

कारण झालं होतं. मी अकरा वर्षांची होते. वडील मोटारसायकलवरून जामनेरला पत्रिका वाटायला निघाले. माय दळण आणायला गिरणीत गेली होती, भाऊ झोळीत झोपला होता. माय आल्यावर शाबासकी देईल म्हणून मी अख्खं घर झाडलं. अंगणसुद्धा. माय आली, डोक्यावरचा डबा उतरवला, घर पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. दुपारी माणसं निरोप घेऊन आली. तेव्हापासून आजवर त्या झाडण्याबद्दल आमच्या घरात कोणी चकार शब्द काढलेला नाही. तिला आठवत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आणि तिचा तो नियम पाहिला की मला राग यायचा तो विज्ञानाचा नव्हता. दर वेळी वाटायचं, ही मलाच सांगतेय. न बोलता, आयुष्यभर, मलाच.

मायनं फडकं बादलीत बुचकळलं.

“व्हयेल शे ना,” ती त्या बाईला म्हणाली. “हिना बाप गया त्या दिन, त्यास्ना मांगे मीच घर झाडेल व्हतं. मन्हाच हातनं.”

बाईच्या तोंडून ‘अरे देवा’ निघून गेलं.  “माय,” मी म्हटलं, “माय, तू नाही. ते तर मी...”

“तुले काय याद?” तिनं मान वर केली नाही. सकाळपासून पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती, आणि तिचा आवाज इतका मऊ होता की मला तो सहन होईना. “तू घर नव्हतीच. तू ते शाळामा जायेल व्हती. चाल, पलंगखाले पूस, उशीर व्हई राहिना.”

मी पलंगाखाली डोकं घातलं. तिथल्या अंधारात तोंडावर ओला हात दाबून धरला, तरी हुंदका बाहेर आलाच. बाहेरून मायचं फडकं फरशीवर फिरल्याचा आवाज येत होता, एकसारखा.

वडील गेले त्या दिवशी रविवार होता.