नुसता हात ठेव

सकाळी भरवाडीण दूध घालायला आली, मी भांडं पुढं धरलं, आणि ती म्हणाली, "बेन, खबर छे? तमारां रेवाबा देव थई गयां, छाणीमां." बडोद्यात येऊन मला फार दिवस झाले नाहीत, पण देव होणं म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी म्हणलं, आज पावशेर जास्त घाल. ती बघत राहिली, मग तिनं घातलं. मी आत आले, दूध चुलीवर ठेवलं, ते उतू गेलं, ते पुसलं... आणि मग आत्याबाईंना सांगितलं. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात.

त्याला आता महिना होऊन गेला. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, तुझ्या रेवाबाबद्दल लिही, बायकांच्या पानात छापतील. मी मराठी तिसरीपर्यंतच शिकले, काना-मात्रा चुकला तर त्या सुधारतील.

रेवाबाचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. बा म्हणल्यावर आईच, म्हणून मी तिला अगंतुगंच करायचे. माझी मुलगी सातव्यातच झाली, वितीएवढी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कापसात गुंडाळून हातात दिली आणि म्हणाल्या, ऊब ठेवा आणि झोपू द्या, झोपेतच वाढेल. पण ते पोर झोपतच नव्हतं. डोळा लागला की दचकायचं, हातपाय फेकायचं, मांजराच्या पिलासारखं रडायचं, ओठ निळे व्हायचे, मी थोपटायचे, हलवायचे, तेल लावून पाय चोळायचे, आणि जितकं करावं तितकं ते जास्त दचकायचं. हे पलटणीबरोबर बाहेरगावी. आत्याबाई म्हणाल्या, पोटात दुखतंय, उद्या डाग देऊ. आमच्याकडं सुई तापवून पोटावर चटका देतात. सुनेनं काय बोलायचं.

त्याच दुपारी रेवाबा आली. हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले, पोरावर वाकली आणि म्हणाली, "सुई जा, दीकरी, सुई जा."

मी सुई ऐकलं आणि पोर उचलून न्हाणीत गेले, आतून कडी लावली.

"अली गांडी, शुं थयुं?" बाहेरून रेवाबा. गांडी म्हणजे त्यांच्यात वेडी.

"सुई नको गं बा. तिचं पोट केवढंसं, सुई नको."

मग आत्याबाईंचं हसणं ऐकू आलं. "अगं खुळे, त्या झोप म्हणतायत. सुई जा म्हणजे झोपून जा." रेवाबाही हसली, तिचं हसणं गल्लीच्या टोकाला जायचं. "पण मराठणने सुईनी बीक केम लागी?" सुईची एवढी भीती कसली, तिनं विचारलं, तशी आत्याबाईंनी डागाचं सांगितलं. मी कडी काढून बाहेर आले तेव्हा रेवाबा खाली बसली होती, हसणं गेलेलं.

"मारा पहेलाने दीधो'तो," ती म्हणाली. "डाम. पछी ए रड्यो ज नहीं." तिच्या पहिल्या पोराला डाग दिला होता, मग ते रडलंच नाही.

आमच्या घरात परत डागाचं नाव निघालं नाही.

मग तिनं मला दाखवलं. एक हात डोक्यावर टोपीसारखा, दुसऱ्या हातानं दोन्ही पाय पोटाशी गोळा करून धरायचे. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, दाबायचं नाही. नुसता हात ठेव, म्हणायची, पोटात होती तेव्हा कोण थोपटत होतं तिला? आणि उचलताना एकदम नाही, एकेक बोट करत उचलायचा. तिच्या हाताखाली पोर आधी कण्हायचं, मग श्वास लांबायचा, मग मूठ उघडायची.

मी ठेवला की माझा हात थरथरायचा. मला सारखं वाटायचं, आत्ता श्वास थांबेल, आत्ता थांबेल, आणि ते सगळं हातातून खाली उतरायचं, की पोर दचकलंच. "आ हाथ छे के पीपळानुं पान?" रेवाबा म्हणायची. "तू घाबरते, मग ते बी घाबरते." माझ्या हाताला ते कधीच झोपलं नाही. म्हणून रोज दुपारी तीच येऊन बसायची, दाताला बजर, आपल्या मिश्रीसारखी, लावलेली, त्यामुळं तोंड बंद, फक्त डोळ्यांनी मला आतल्या खोलीत पाठवायची, जा, जेव. तिच्या हाताखाली झोपून झोपून पोराला गाल आले.

छाणीला दिलेली लेक आजारी म्हणून ती निघाली. हातात बोचकं, आमच्या खिडकीत वाकून म्हणाली, "रोज तारो हाथ मेलजे, नुसता ठेव."

"माझ्या हाताला नाही गं झोपत. लवकर ये."

"आवीश ने. मला जायचंय कुठं?"

लेक उठली, तापानं बाला धरलं. मला छाणीला जाऊ दिलं नाही, एवढं तान्हं पोर घेऊन मयताच्या घरी कुठं जायचं. मी तिला परत बघितलं नाही.

खबर आली त्या दुपारी, तिच्या यायच्या वेळेला, पोर दचकायला लागलं. आत्याबाई दारात उभ्या. मी एक हात डोक्यावर ठेवला, एक पायांना. मला वाटलं आता थरथरेल. थरथरला नाही. मला भीती वाटत नव्हती, दुःख वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं, हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा तिथं पडून होता. पोर कण्हलं, श्वास लांबला, मूठ उघडली. झोपलं.

तेव्हापासून माझ्या हाताला झोपतं.

गल्लीतल्या बायका म्हणतात, एवढी माया केली त्या बाईनं आणि ही रडलीसुद्धा नाही. मला कळतं. पण दिवसभर माझे हात पोरावर असतात, आणि मी रडले की हात हलतो, हात हलला की ते दचकतं. गाल आले तरी पोराच्या अंगानं अजून पुरतं मांस धरलेलं नाही. ते जरा मोठं होऊ दे... मग बघू.