वच्छला मोठीमायचे पाच मोह

वच्छला मोठीमाय लगन होऊन आली तवा सासूनं तिले घर नीट दाखवाच्या आधी मोह दाखवले. आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या अलीकडं, गाव संपलं का जंगल लागते, तिथं तिच्या नवऱ्याच्या, उदेभान मोठ्याबाबाच्या, वाट्याचे सात झाडं होते. त्याले लागूनच सहा झाडं लहान्या भावाचे, बकाराम काकाचे. ज्याचा मोह त्यानंच वेचाचा, दुसऱ्याच्या झाडाखाली कोनी हात लावत नाही, असा आमच्याकडचा रिवाज.

फागुनात मोहाचे पानं झडतात. मंग फूल पडाले लागलं का ते पालापाचोळ्यात दडून जाते, वेचता वेचता कंबर मोडते. म्हनून सासूनं शिकवलं, फूल लागाच्या आधी झाडाखाली काडी लावाची. घंटाभरात जमीन काळी, साफ. पहाटे गेलं का त्या काळ्या जमिनीवर पांढरेपिवळे फूल असे दिसत का अंधारात बी हात जाये. जेठात मंग टोरी पडे, म्हंजे मोहाची फळं. बीचं तेल निघते, म्हनून ते बी एक न् एक वेचून आनत. मोठीमायनं चाळीस वर्ष हेच केलं. आमच्या घरातल्या साऱ्याच बायायनं केलं.

लॉकडाऊनच्या वर्षी वैशाखात वावधान सुटलं आन तिचा सगळ्यात मोठा मोह मुळासकट आडवा झाला. मोठीमाय तिथंच बसून रडली.

मोठेबाबा म्हनाले, "काय वं, माझा बाप गेला तवा बी एवढी रडली नाही तू."

"तुमच्या बापानं मले कधी टोपलंभर फूल देलं होतं का?"

लाकूड लोकायनं नेलं. आता तिथं फूल पडाचं नव्हतं, त्याच्यानं तिथं ना कोनी झाडू मारला, ना कोनी काडी लावली. ती जागा तशीच राहिली.

दोन पावसाळे गेल्यावर मोठीमाय सात्या शोधत फिरून राहिली होती. सात्या म्हंजे पावसात उगवते ते आळंबी. फिरता फिरता त्या पडल्या मोहाच्या जागी पाय पडला आन पाय असा दबला जसा गोधडीवर पडावा. पाला सडून काळा झाला होता, खाली गांडूळ, किडे. रानकोंबड्यायनं जागोजागी उकरून ठेवलं होतं. आन त्या मधात लालसर कोवळ्या पानाचे पाच रोपटे. वीतभर बी नसतील. पान पाहूनच तिनं वळखलं, मोहच.

मंग ती तशीच आपल्या बाकीच्या सहा झाडायखाली गेली. तिथं जमीन कडक, गोटे वर आलेले. एक रोपटं नाही. बकाराम काकाच्या झाडायखाली नाही. आठ दिवस ती जंगल फिरली. जिथं दरसाली काडी लागते तिथं सारे जुनेच झाडं, मधल्या वयाचं एक नाही, लहान एक नाही.

घरी आली आन जेवलीच नाही.

"काऊन वं, कोनी बोललं का?" मोठेबाबानं विचारलं.

"कोनी नाही बोललं. आपल्या जंगलात सारे म्हातारेच मोह हायेत, तुमाले दिसलं का कधी?"

"म्हाताऱ्याले म्हातारेच दिसतात."

"हासू नोका. लेकरं कुठं हायेत त्याचे? फूल बी आपुन वेचलं, टोरी बी आपुनच वेचली. आन एखांदी बी चुकून रुजली तर तिले दरसाली काडी लावली. म्या लावली. ह्या हातानं."

मोठ्याबाबानं नुस्तं ताट तिच्याकडं सरकवलं.

पुढच्या फागुनात मोठीमायनं काडी लावली नाही. जुने लुगडे शिवून शिवून झाडायखाली अंथरले, फूल त्याच्यावर पडे. बकाराम काकाले लय हासू आलं.

"वयनी, मोहाले लुगडं नेसवलं, आता नाकात नथ बी घाला!"

"तुह्या झाडायले बी नेसवतो, थांब."

"नोको गा बाप्पा, शकुंतला भांडंल माझ्याशी."

शकुंतला काकी म्हने, "माझं एक लुगडं धड नाही आन हे झाडायले नेसवतेत!"

मोठीमाय बी हासे. पन मंग सांगे, "बकाराम, पान सडते, त्याले किडा खाते. किड्याले रानकोंबडी खाते. कोंबडी उकरते तवा माती भुसभुशीत होते. त्या मातीत पानी मुरते आन मोहाची बी बसते. तू पहिल्या पानालेच जाळतो, मंग पुढचं सारं येईल कुठून?"

"बरं वयनी, तुमी म्हना तसं. पन माझ्याच्यानं लुगडे शिवनं होत नाही."

"मंग पाला मधात ढीग करून जाळ. जाळ माझ्याकडं येऊ देऊ नोको, एवढंच."

तेवढं मात्र काका करे.

त्या पाच रोपट्यायपायी तिनं काय नाही केलं. शेळ्या खातील म्हनून बोराटीच्या काट्यायचं कुंपन केलं. उन्हाळ्यात जमीन तापू नये म्हनून आजूबाजूचा पाला आनून बुडाशी टाके, दरसाली. गुडघाभर थर झाला होता. हात घातला तर चैतातबी आत गार लागे. चार वर्षात चार रोपटे तिच्या कंबरेले आले, एक छातीले. मोह हळूहळू वाढते. फूल धराले आनखीन दहा वर्ष लागली असती, हे तिले माहीत होतं. ती म्हने, मी नसीन तवा कोनीतरी वेचंल.

ह्या वर्षीच्या चैतात बकाराम काकानं सकाळीच ढीग करून जाळला, ईझला असं पाहून जेवाले घरी आला. पन ढिगाखाली एक पोकळ खोड होतं, ते आतून धुमसून राहिलं होतं. दुपारी वारा सुटला.

मोठीमाय अंगनात फूल वाळत घालून राहिली होती. धूर दिसला आन ती हातातलं टोपलं टाकून पळाली. मांगून बकाराम काका.

काकाच्या झाडायखाली जाळ घोट्याएवढाच होता. तिथं जळाले होतंच काय? वाळल्या गवतातून तो सरपटत पुढं गेला. पन मोठीमायच्या हद्दीत आला आन त्याले चार वर्षाचा पाला भेटला, वाळली बोराटी भेटली. जाळ मानसाच्या वर गेला.

काका हिरवी फांदी घेऊन मारून राहिला होता. मोठीमाय थेट आत शिरली, जळता पाला हातानं मांगं ओढाले लागली.

"वयनी, सोडा! आपला जीव पाहा!"

"पाला ओढ गा, बकाराम! पाला ओढ! म्याच टाकला तो!"

काकानं तिले कंबरेले धरून ओढून काढलं. तवर पाची रोपटे काळ्या काड्या झाले होते. तिच्या दोन जुन्या मोहायच्या ढोलीत बी ईस्तव शिरला, तीन दिवस त्यातून धूर निघून राहिला.

दवाखान्यात काका तिच्या पायावर पडला. "माझ्या हातून झालं, वयनी."

तिच्या दोनी हाताले पट्ट्या होत्या, बोलता बोलता खोकला ये. म्हने, "तुहा जाळ घोट्याएवढा होता, बकाराम. मानसाएवढा म्या केला. नुस्तं जाळाचं बंद करून भागत नाही. चौफेर चार हात जमीन साफ ठेवाले पाहिजे होती, मले समजलं नाही."

छातीत धूर बसला होता. मंग गोंदियाले नेलं. तिथं बी तिचं एकच. ती काकाले म्हने, "गावाले जा. नखानं साल खरडून पाह्य. आतून हिरवं असंल तर जित्ते हायेत."

काका गेला, पाची खरडले, परत आला. दरवाज्यातच उभा राहिला.

"एक हिरवं हाय, वयनी."

मोठीमाय त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. मंग म्हनाली, "तुले खोटं बोलता येत नाही, बकाराम." आन कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

जेठात तिच्या उरल्या चार झाडायची टोरी पडाले लागली. उदेभान मोठेबाबा तर घराच्या बाहीर निघत नव्हते. शकुंतला काकी टोपलं घेऊन गेली, वेचाले वाकली, तं काका म्हनाला, "राहू दे."

"घरात तेलाचा थेंब नाही."

"राहू दे म्हनतो ना."

काकी टोपलं रिकामंच घेऊन आली. त्या चार झाडायची टोरी औंदा कोनीच वेचली नाही. काकानं झाडायच्या चौफेर चार हाताचा पट्टा खरडून साफ केला, एकट्यानं, उन्हात.

आता आखाड लागला. अर्धी टोरी रानडुकरायनं खाल्ली, बाकी पाल्याखाली पडली हाय. पाच काड्या तशाच उभ्या हायेत, त्यायच्या बुडातून काही फुटलं नाही. काका रोज सकाळी जाऊन पाह्यते. घरी येते, पाय धुते, चहा पिते. काय दिसलं म्हनून त्याले कोनी विचारत नाही.