टाचेने बुजवलेली भोकं

सुट्टीत गावी, कासूला आलो की मिठागराच्या बांधावर तो म्हातारा दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. अनवाणी चालायचा. वाफ्यातलं पाणी झिरपून जाऊ नये म्हणून, खेकड्याचं भोक दिसलं की त्यात चिखलाचा गोळा टाकून टाचेने दाबायचा, कमरेवर हात ठेवून दम घ्यायचा आणि पुढे निघायचा.

मी तेव्हा मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण बनवत होतो. दोन वर्षं झाली तरी ते नीट उजळत नव्हते. आतले इलेक्ट्रॉन उजेड देण्याआधीच कुठल्या तरी दोषात अडकायचे, आणि आम्ही कण आणखी लहान करत बसलो होतो. एकदा कंटाळून हे सगळं त्यालाच सांगितलं.

त्याने समोरच्या वाफ्याकडे पाहिलं. "वाफा बारका केला की पानी कमी नि बांधच जास्त व्हतो. भोकं बांधालाच पडतात."

परत जाऊन मी कणांच्या पृष्ठभागावर, म्हणजे त्यांच्या बांधावर, दोष बुजवणारा लेप चढवला. उजेड वाढला. पुढच्या सुट्टीत त्याला कौतुकाने सांगितलं, तेव्हा टाच न उचलता तो म्हणाला, "बुजवलं म्हनजे झालं नाय. उद्या परत बघायला लागंल."

मुंबईला आलो तर काचनळीतल्या कणांचा उजेड पुन्हा मंदावला होता. कमरेवर हात ठेवून मी क्षणभर उभा राहिलो, आणि नवा लेप कालवायला घेतला.