तांबोशी आणि माझा जर्मन निबंध

"तू आत येऊ नकोस. हाताला वास येतोय तुझ्या."

आमच्या जर्मनच्या मॅडम मागच्या दारात उभ्या राहून हे म्हणाल्या. हसून म्हणाल्या. मी मागच्या पडवीत विळीवर बसलो होतो, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. आत माझा वर्ग जर्मन समुद्रकवितांवर निबंध वाचत होता.

गाढवपणा माझाच. आधी तो सांगतो.

एम.ए.चं दुसरं वर्ष. मुंबईहून सगळा वर्ग मॅडमच्या रत्नागिरीच्या घरी दोन दिवसांच्या चर्चासत्राला आलेला. घर आरे-वारेच्या रस्त्याला, कलमांच्या बागेत. जर्मनीहून एक म्हातारे प्राध्यापक आले होते. निबंध ऐकून ते एकाला सहा महिने तिकडच्या विद्यापीठात नेणार होते. एकच जागा. ती मला हवी होती. इतकी, की सुट्टीत घरी आलो तरी मी झोपेतसुद्धा जर्मन बरळायचो आणि आई मीठमोहऱ्या ओवाळायची.

आमची वस्ती तिथून जवळच, खाडीच्या तोंडाशी. बाबांना सांगितलं, परदेशातले सर येतायत. ते म्हणाले, "रिकाम्या हातान कुनाच्या दारात जाव नको." आमच्यात बोट लागली की शिकवणाऱ्या माणसाचा वाटा आधी बाजूला काढतात, मग विक्री. मीही शहाणा. बर्फाच्या पेटीत तीन तांबोश्या घालून गेलो. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही, त्या घरी!

मॅडमचा चेहरा पडला. पण पाहुण्यांनी पेटीत डोकावून टाळ्या वाजवल्या, आज हेच जेवणार म्हणाले. मॅडम लगेच सावरल्या. मागे चूल मांडून देते म्हणाल्या. "हा करेल. याच्या रक्तातच आहे ते."

रक्तात. जर्मन माझ्या रक्तात नव्हतं. ते मी सहा वर्षं घासून शिकलो होतो. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"आणि माझा निबंध?" मी विचारलं.

"ती वाचेल की. तू लिहितोस चांगलं रे, पण तुझा तो किनाऱ्याचा हेल जर्मनमध्येसुद्धा येतो. पाहुण्यांना त्रास कशाला?"

ती म्हणजे आमच्या वर्गातली पहिली, पुण्याची. उच्चार धुतलेल्या काचेसारखे. आणि मी काय म्हणालो असेन? "हो मॅडम." वर "थँक्यू"पण म्हणालो. ते थँक्यू आठवलं की आजही तोंडात पित्त येतं.

मग पाहुणे मोबाईल घेऊन पडवीत आले. नाव विचारलं नाही. "आउटेंटिश," म्हणाले. म्हणजे अस्सल. आणि फोटो काढायला लागले. मी काय करावं? तांबोशीचं डोकं उचलून गालाशी धरलं आणि दात काढले. कुणी सांगितलंही नव्हतं. तो फोटो आता जर्मनीत असेल. माझ्याआधी मासा पोचला तिकडे.

किळस माशाची नाही येत. त्या दातांची येते.

मी पुन्हा विळीवर बसलो. खिडकीतून माझाच निबंध ऐकू यायला लागला. कवितेतल्या वादळाजवळ मी माझ्या आत्याबद्दल लिहिलं होतं. तिचा नवरा समुद्रातून परत आला नाही. ती अजून बोटी लागायच्या वेळेला जेटीवर जाते, नुसती उभी राहते. मी लिहिलं होतं, 'माझी आत्या'. आत वाचलं गेलं, 'या किनाऱ्यावरची एक बाई'.

मी उठलो. हात धुतले नाहीत. स्वयंपाकघरातून, देवघरासमोरून सरळ दिवाणखान्यात गेलो.

"दास हाबं इश गेश्रीबन."

हे मी लिहिलंय. हेल पुरेपूर होता, जेटीवरचा. "ती एक बाई नाही," मी पुढेही जर्मनमध्येच म्हणालो. "ती माझी आत्या आहे. पुढचं मी वाचणार."

त्या पुण्याच्या मुलीच्या हातातून कागद घेतले. पानांवर खवले चिकटले, शाई फुटली. मी शेवटपर्यंत वाचलं. एक-दोनदा अडखळलो, अडखळून पुन्हा वाचलं. मॅडमनी तेवढ्यात पंख्याचा वेग वाढवला.

वाचून झाल्यावर पाहुण्यांनी एकच प्रश्न विचारला. मासा व्हायला किती वेळ लागेल?

मी कागद घेतले आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो. अर्धी कापलेली तांबोशी तशीच विळीवर. जागा अर्थात त्या पुण्याच्या मुलीला मिळाली. वर्गात मी आता 'उद्धट' म्हणून ओळखला जातो.

पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. समोर मॅडमच असणार. बाबांनी परवा पुन्हा बर्फाची पेटी धुऊन उन्हात ठेवली. परीक्षेला जाशील तेव्हा ने, म्हणाले. मी ती उचलून परत माळ्यावर टाकली. त्यांना सांगितलं, या दारात आपला वाटा जाणार नाही.

परीक्षेला जाणार आहे. हेल तोच असेल. आणि हात रिकामे.