वंदनाताईंची दुसरी टॅब

"भाऊ, पेशंट उपाशीपोटी येऊन बसला आहे, आन् पोर्टलवर त्याचा अर्जच नाही."

सकाळी साडेनऊला वंदना बोरकरांचा फोन आला, तेव्हा मी भोपाळच्या पिपलानी भागात सिटी बसची वाट पाहत उभा होतो. मी म्हटलं, "असं कसं होईल ताई? काल एजंटने रिपोर्ट दिलाय. तिन्ही अर्ज सबमिट झालेत."

"रिपोर्ट तुमच्याकडे असन. इथं तं काहीच नाही. दुबेजी मला वर बोलावून राहिले."

थोडं मागचं सांगतो. मी भोपाळमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. वय चोपन्न. ऑफिसात बाकी सगळे तिशीतले, त्यामुळे मला सर म्हणतात आणि माझं कुणी ऐकत नाही. एक मध्यम आकाराचं खाजगी हॉस्पिटल आमचं क्लायंट होतं. वंदनाताई तिथे इन्शुरन्स डेस्कवर होत्या. ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, मंजुरी आली की पेशंटला आत घ्यायचं, हे त्यांचं काम. चौदा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, दर वर्षी नवा कागद. माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं, घर तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. यजमान त्याच वर्षी रिटायर होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार होतं. यापुढे घर ताईंच्या नोकरीवर चालणार, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा देताना सांगितलं होतं.

त्यांचं काम एजंटकडून करून घ्यायचं कंत्राट आम्हाला मिळालं होतं. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने ब्राउझर चालवणारा एआय प्रोग्राम. त्याला आपल्यासारखे डोळे नसतात. आपण जी टूल्स देऊ तेवढंच त्याला कळतं. एक टूल पानावरची बटणं आणि रकाने वाचून दाखवतं, एक क्लिक करतं, एक टाइप करतं. याशिवाय ब्राउझरची स्वतःची एक अवस्था असते. किती टॅब उघड्या आहेत, लॉगिन जिवंत आहे का, पाठवलेली माहिती पलीकडे पोचली का, तिकडून उत्तर काय आलं. हे वाचायचं टूल मी एजंटला दिलं नव्हतं. जास्त वाचायला दिलं की तो मंदावतो आणि भरकटतो, हे माझं मत. ते तेव्हा कुणी खोडूनही काढलं नाही.

टूल बनवण्याआधी मी दोन दिवस ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. त्या काय काय करतात ते पायरी पायरीने वहीत लिहीत होतो. अर्ज सबमिट केला की पानावर हिरवी पट्टी यायची, सबमिट झाल्याची. तरी ताई दुसरी टॅब उघडायच्या, तिथे प्रलंबित अर्जांची यादी काढायच्या, पेशंटचं नाव शोधायच्या आणि स्क्रीनवर त्या नावावर बोट ठेवायच्या. मगच पुढची फाइल.

मी विचारलं, "पट्टी आली ना ताई? पुन्हा कशाला पाहता?"

"सवय आहे भाऊ. नाव पाहिल्याबिगर मला करमत नाही."

सवय म्हणाल्या, मीही सवयच समजलो. वहीत त्या पायरीपुढे लिहिलं, 'गरज नाही.' अक्षर माझं आहे, वही अजून माझ्याकडे आहे.

पुढची चूक तर त्याहून मोठी. एजंट ताईंच्याच कॉम्प्युटरवर, ताईंच्याच लॉगिनने चालायचा, कारण पोर्टल लॉगिन माणसालाच देतं. आमच्या टूलला टॅबमधला फरक कळत नव्हता. जी टॅब समोर असेल ती ते वाचायचं. ताईंनी मधेच यादी उघडली की एजंट यादीतच अर्ज भरायला निघायचा. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी जरा चिडूनच म्हटलं, "ताई, एजंट चालू असताना हात लावू नका. दुसरी टॅब उघडायचीच नाही." त्यांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

आता त्या सकाळचं. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलेले एक काका विदिशाहून आले होते. मंजुरी नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. नवी तारीख नऊ दिवसांनी मिळाली. ऑपरेशन नीट झालं, पण ते नऊ दिवस त्यांनी कळा सोसत काढले, आणि त्याला जबाबदार मी आहे.

हॉस्पिटलचे प्रशासक दुबेजी माणूस वाईट नाही, पण हिशेबी डोक्याचा. त्यांनी असा अर्थ लावला: एजंट म्हणतो अर्ज दिला. पोर्टल म्हणतं मिळालाच नाही. लॉगिन बोरकरबाईंचं. बाई सुरुवातीपासून मशीनवर नाराज. म्हणजे अर्ज बाईंनीच मुद्दाम काढून टाकला. त्यांनी ताईंना नोटीस दिली. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट रद्द.

ताई मला एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाले होते नं, हात लावू नका. तेवढं त्यांना सांगा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आमच्या बॉसकडे गेलो. निखिल, वय बत्तीस, हुशार मुलगा. तो म्हणाला, "पाटणकर सर, लॉग में क्या दिख रहा है?"

"एजंटच्या नोंदीत फक्त हिरवी पट्टी."

"तो फिर हमारी तरफ से क्लीन है ना?"

"क्लीन नाही. पट्टीच्या मागे काय झालं ते पाहायचं टूलच मी दिलेलं नाही. आपला लॉग आंधळा आहे."

"क्लायंट को ये मत बोलिएगा," तो म्हणाला. "फिक्स नेक्स्ट रिलीज में डाल देंगे."

माझं डोकं फिरलं. तरी आवाज न चढवता म्हटलं, "सात दिवस आहेत. मी सध्या दुसरं काही करणार नाही." त्याने खांदे उडवले.

चार दिवस लागले. मी तीन गोष्टी वाचणारी टूल्स बनवली. टॅब कोणकोणत्या उघड्या आहेत, लॉगिन जिवंत आहे का, आणि पाठवलेल्या प्रत्येक माहितीला पलीकडून काय उत्तर आलं. मग तोच प्रसंग चाचणीच्या लॉगिनवर उभा केला. अर्ज भरले त्या दिवशी, तिसऱ्या अर्जाच्या मधेच स्कॅनर अडकला होता आणि वीस मिनिटं काहीच हललं नव्हतं, हे ताईंना आठवत होतं. मीही वीस मिनिटं थांबलो. मग सबमिट. हिरवी पट्टी आली. पण नव्या टूलमध्ये पलीकडचं उत्तर स्पष्ट होतं: लॉगिन संपलेलं आहे, अर्ज घेतलेला नाही. म्हणजे ते पान उत्तराची वाट न पाहताच पट्टी दाखवून मोकळं होत होतं. ताईंना हे बहुधा कधीतरी ठेच लागून कळलं असणार, म्हणून त्या यादीत नाव पाहत. कारण विसरल्या, पद्धत राहिली.

मी सगळं लिहून काढलं. पायरी मी गाळली, टॅब उघडायला मी मनाई केली, हेही लिहिलं. निखिलने ती दोन वाक्यं काढायला सांगितली. मी काढली नाहीत.

सहाव्या दिवशी दुबेजींच्या केबिनमध्ये बैठक झाली. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी आधी जुना एजंट चालवून दाखवला, पट्टी आणि तिच्या मागचं उत्तर दोन्ही. दुबेजींनी चष्मा काढला. ताईंकडे वळून म्हणाले, "बोरकरजी, हमसे गलती हुई." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हायसं वाटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण निखिल म्हणाला, "सर, अब नया वाला भी दिखा दीजिए." मी दाखवला. नव्या एजंटने अर्ज पाठवला, उत्तर वाचलं, लॉगिन संपल्याचं ओळखून थांबला. ताईंनी पुन्हा लॉगिन करून दिल्यावर त्याने अर्ज परत पाठवला. मग दुसरी टॅब उघडली, यादी काढली, पेशंटचं नाव शोधलं आणि मगच काम झाल्याचं सांगितलं.

दुबेजी पुढे सरकून बसले. "मतलब लिस्ट भी ये खुद चेक कर लेता है?"

"हो," मी म्हणालो.

"तो अब किसी को बैठकर देखने की ज़रूरत नहीं? लॉगिन तो रिसेप्शन वाले भी कर देंगे."

मी निखिलकडे पाहिलं, निखिलने दुबेजींकडे. ताई स्क्रीनकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "माणूस असलेला बरा." ते इतकं गुळमुळीत निघालं की मलाच पटलं नाही.

आठवड्याने ताईंना पत्र मिळालं. एकाच कागदावर दोन परिच्छेद. पहिल्यात नोटीस मागे घेतल्याचं आणि त्यांचा काही दोष नसल्याचं. दुसऱ्यात नव्या व्यवस्थेमुळे पदाची आवश्यकता उरली नसल्याने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवणार नसल्याचं. त्यांनी फोनवर मला ते वाचून दाखवलं, अडखळत.

मी म्हटलं, "ताई, मला माफ करा."

"तुम्ही खरं सांगितलं भाऊ. दुसरं कोणी एवढंही नसतं केलं." मग म्हणाल्या, "फक्त ते मशीनला यादी पाहायला नसती शिकवली, तं बरं झालं असतं."

या धंद्यात मी तीस वर्षं काढली, आणि शिकलो ते एवढंच: एखाद्याचा दोष नव्हता हे सिद्ध करायला त्याचं काम पूर्ण समजून घ्यावं लागतं, आणि ते पूर्ण समजलं की आमच्याकडे त्याचं टूल बनतं. हॉस्पिटलने आणखी दोन डेस्कसाठी ऑर्डर दिली आहे. तिथल्या ऑपरेटरच्या शेजारी बसून पायऱ्या लिहून घ्यायला सोमवारपासून मीच जाणार आहे.