हवेतला टंबलर

उजव्या हाताची बोटं टंबलर धरल्यासारखी वळवायची, हात तोंडाच्या वर न्यायचा, मान मागे टाकायची आणि मग भुवया उंचावून समोरच्याकडे बघायचं. हातात टंबलर नाही, पाणी नाही. आमच्या तंजावुरात ओठ न लावता वरून पाणी प्यायची रीत, त्यामुळे खूण पोराटोरांनाही कळायची. मेडिकल मामा औषधाच्या दुकानातून रस्त्यावरच्या माणसाला ही खूण करायचे, आणि आपणही तश्शीच खूण करून "झालं" म्हणून कळवायचं.

पोस्टमन, फुलवाली, शाळेत शिकवायला निघालेली मी, कुणीही सुटत नसे. नव्या माणसाला वाटे, कॉफी झाली का विचारतायत. कचेरीत बदलून आलेल्या एका साहेबांनी तर मान हलवून "इल्लै", म्हणजे नाही, म्हटलं आणि सरळ दुकानात येऊन बसले. मामांना कॉफी मागवणं भाग पडलं.

खूण खरी कशाची, हे मला सरूमुळे कळलं. सरू माझी धाकटी बहीण. कॉलेजात जायला लागली आणि वर्गातच तिला फिट आली. मग पुन्हा एकदा घरी. डॉक्टरांनी फेफऱ्याच्या गोळ्या लिहून दिल्या. वडील नव्हते, म्हणून आम्ही तिघी दुकानात गेलो. आईनं मागेपुढे बघत चिठ्ठी पुढे सरकवली. मामांनी ती वाचली, बाहेर आले आणि सरूला स्टुलावर बसवलं.

"मज सांगा. मी देते तिज," आई म्हणाली.

"गोळी कोण खाणार?"

"ती."

"मग तिजच सांगतो."

आणि सांगितलं. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की गोळी. दिव्याला खाडा नाही, तर गोळीलाही नाही. विसरलीस तर आठवेल तेव्हा घे, पण दुसऱ्या दिवशी आठवली म्हणून दोन एकदम नाही. झोप मोडायची नाही. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. आईनं विचारलं, फिट आली की हातात लोखंडाची किल्ली द्यायची ना? मामा म्हणाले, "अक्का, किल्लीनं फिट थांबती तर मी कुलपांचं दुकान नसतं काढलं? कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. थांबेपर्यंत जवळ बसा."

सरूला दुसरीच धास्ती होती. "मामा, तुम्ही रस्त्यावर मज गोळी घेतली का विचाराल. अस्कींना कळेल."

"म्हणून तर अस्कींना विचारतो, पाप्पा."

आमच्या बोलीत अस्की म्हणजे सगळे, आणि तमिळ पाप्पा म्हणजे बाळ. त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या रस्त्याला विचारायचं, म्हणजे ज्यांना खरंच विचारायचं ते गर्दीत लपतात. आम्ही बाकीचे सगळे नुसते आडोसा होतो. मला त्याचा भारी अभिमान वाटला. तेव्हापासून मी खूण जरा जास्तच जोरात करू लागले.

ते दिवस नव्या नवलाईचे होते. घराघरात केबल आली, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, आणि मामांकडे रोज कुणी ना कुणी टाय लावलेला तरुण चकचकीत पाकिटं घेऊन यायचा. हीच गोळी, आमच्या कंपनीची, जास्त कमिशन. मामा त्याला खूण करायचे, पाणी पाजायचे आणि वाटेला लावायचे. आम्हाला म्हणायचे, "टीव्ही नवा घ्या, स्कूटर नवी घ्या. ही गोळी मात्र डॉक्टर सांगेपर्यंत तीच. रंग बदलला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की सोडतो."

माणूस देव होता असं समजू नका. बोलायला लागले की थांबत नसत, आणि दुसऱ्याचं म्हणणं अर्ध्यात तोडत. स्वतःची रक्तदाबाची गोळी तर हमखास विसरत. मग वरच्या मजल्याच्या खिडकीतून मामी त्यांना तीच खूण करायच्या, आणि सगळ्या गावाला विचारणारा हा माणूस खाली मान घालून आत जायचा. आम्ही समोर उभं राहून पोटभर हसायचो.

सरूला पुढे फिट आली नाही. ओरत्तनाडूहून स्थळ आलं. आपल्यातलंच घर, मुलगा सरकारी नोकरीत, आणि सरूला तो मनापासून आवडला होता. आई आनंदानं वेडी झाली आणि त्याच आनंदात तिनं ठरवलं की गोळ्या आता बंद. सासरचे बघतील. मुलगी बरी झालीच आहे. हे ती मामांना सांगायला गेली. आम्ही दोघी मागे.

"बरी आहे ती गोळीमुळे आहे, अक्का. लग्नात जागरण, उपास, होमाचा धूर. आणि नेमकी तेव्हा गोळी बंद?"

"मग ती गोळ्या कुंकवाच्या डबीत लपवून घेऊन जाईल."

मामांनी वाद तिथेच थांबवला. हे फार क्वचित व्हायचं. मग आईला सोडून सरूकडे वळले. "माझ्या तोंडून काही बाहेर जायचं नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण एक विचारतो. त्या घरात तुज कुशीवर कोण वळवणार?"

मुलगा पुढच्या वेळी घरी आला तेव्हा सरूनं आमच्यादेखत सांगून टाकलं, "मज फिट यायची. गोळी घेते, म्हणून येत नाही. ती मी सोडणार नाही." त्यानं कॉफीचा टंबलर अर्धा तसाच ठेवला, नमस्कार केला आणि गेला.

तिकडून निरोप येईना. आईनं मामांचं नाव टाकलं. "त्या माणसानं माझ्या पोरीचं लग्न मोडलं," म्हणायची आणि दुकानासमोरून मान फिरवून जायची. मामा तिलाही खूण करतच राहिले. सरू रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. पण दिवा लागला की उठून गोळी घ्यायची. तिचं ते उठणं बघून मला भडभडून यायचं.

मग एका दुपारी मी शाळेतून येताना बघते तर मामांच्या दुकानापुढे गर्दी. आपले मामा, पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले, दुकानाच्या फरशीवर आडवे. आणि त्यांच्यावर वाकलेला ओरत्तनाडूचा मुलगा.

"मापिळ्ळै, खांद्याला धरा. असा. आता गुडघा. ओढू नका, वळवा!" मुलाला जावईच म्हणत आडव्या मामांचा हुकूम सुटत होता. मुलानं त्यांना कुशीवर वळवलं. गर्दीतून कुणीतरी काय झालं म्हणून ओरडलं. मामा पडल्यापडल्या म्हणाले, "धडा चाललाय. तुम्हीही शिकून घ्या, कुणाला कधी लागेल सांगता येतं का?" आणि खरंच त्यांनी फुलवालीकडून, पोस्टमनकडून, सगळ्यांकडून स्वतःला वळवून घेतलं. वेष्टीचा पार चोळामोळा झाला. तो मुलगा नेमका कशाला आला होता, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी मात्र ओळखलं आणि घराकडे धावत सुटले.

लग्न थाटात झालं. नादस्वराच्या गजरात, संध्याकाळी, मामांनी शेवटच्या रांगेतून हात वर केला. सरूच्या आधी नवऱ्या मुलानं खूण करून उत्तर दिलं. आईनं ते पाहिलं आणि मामांना पहिल्या रांगेत आणून बसवलं.

मामा गेले ते बऱ्याच वर्षांनी, दुकानात उभ्या उभ्या. सरू आणि तिचा नवरा बस पकडून आले. मामांना न्यायला संध्याकाळ झाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती, कोण त्यांचं गोळीवालं आणि कोण आमच्यासारखं आडोशाचं, ते आजही मला सांगता येणार नाही. मामांना उचलून आमच्या दारावरून नेत होते आणि घराघरातून दिवे लागत होते.

सरूनं पर्समधून गोळी काढली. इतकी वर्षं तिनं ती बंद दाराआड घेतली होती. मला वाटलं आत जाईल. ती पायरी उतरून रस्त्यावर गेली, सगळ्यांसमोर गोळी जिभेवर ठेवली आणि मान मागे टाकली.

टंबलर खरा होता, पाण्यानं भरलेला. तो आईनं तिच्या हातात दिला.