अमोलची जपानी गाडी

अमोलच्या बायकोचा, मेघनाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. "अमोल गेला रे..." एवढंच ती बोलू शकली. हार्ट अटॅक. आदल्याच शनिवारी ईडन प्रेरीच्या त्यांच्या घरी मी त्याच्या शेजारी बसून पोटभर चिवडा हाणला होता.

त्याची आई नागपूरहून इकडे परदेशात राहायला आल्यापासून आमचे शनिवार ठरलेले. काकूंना थरारपटांचं भारी वेड, पण इंग्रजी सबटायटल्स त्या कुठून वाचणार? मग अमोल प्रत्येक पात्राचं बोलणं अस्सल नागपुरीत म्हणून दाखवायचा, आणि काकू त्याच्यापाशी पाण्याचं फुलपात्र ठेवायच्या. शेवटचा सिनेमा जपानी होता. सुसाट धावणारी बुलेट ट्रेन, आत बॉम्ब, गाडी थांबली की स्फोट. कडक इस्त्रीतला तो जपानी गार्ड अमोलच्या आवाजात ओरडायचा, "थांबवू नको ना बे गाडी, मरतीन ना सारे!" काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. अर्ध्यावर त्याचा घसा बसला. "यार, उरलेला नेक्स्ट सॅटर्डे," तो म्हणाला. 'आण, मी वाचतो' असं काही मला सुचलं नाही. मी आपला चिवडा खात राहिलो.

गेल्या आठवड्यात मेघना म्हणाली, "आईंची संडेची परतीची फ्लाइट आहे. त्या गाडीचं पुढे काय झालं, सारखं विचारतायत. मला नाही रे जमणार... तू वाचशील?"

गेलो. सोफ्यावर अमोलच्याच जागी बसलो, अक्षरं तिथूनच नीट दिसतात. माझं पुणेरी मराठी त्या गार्डला काही केल्या शोभेना. मग एकदा नकळत अमोलसारखं "का बे" निघून गेलं, आणि काकू खुदकन हसल्या. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला चोरी केल्यासारखं झालं. ते हसू त्याचं होतं. मी केवळ जिवंत होतो म्हणून मला मिळालं.

अखेर बॉम्ब निकामी झाला, गाडी थांबली, दारं उघडली.

"सारे उतरले का?" काकूंनी विचारलं.

"हो काकू, सगळे."

"बरं झालं बाप्पा. घरी आई वाट पाहत असन एकेकाची..."

मग त्या उठल्या, ते फुलपात्र भरून आणलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पी. घसा सुकला असन."

मी दोन्ही हातांनी घेतलं.